माझे सासरे आणि शेवंतीचा डॉक्टर

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकच निवड घाईत केली, आणि ती म्हणजे मी. बाकी नारळ असो, घर असो की केस कापणारा न्हावी असो, चौकशीचा पुरता फेरा झाल्याशिवाय त्यांच्या हातून काहीही सुटलं नाही. माझ्या वाट्याला नेमका नाटकांचा सीझन आला. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की थंडीत गावोगावी नाटकं लागतात, नाटकाच्या निमित्तानं पाहुणे उतरतात, आणि त्या गर्दीतच पोरं-पोरी दाखवून सोयरिकी जुळवून टाकतात. वडशाजवळच्या एका गावात पहिला अंक संपल्यावर माझ्या मामानं मला चहाच्या दुकानापुढं नेऊन उभं केलं. समोर मफलर गुंडाळलेले एक उंच, हडकुळे गृहस्थ होते. त्यांनी आधी माझ्या चपलांकडं पाहिलं, मग डोक्याकडं पाहिलं. मधल्या माझ्यात त्यांना काही विशेष गोडी दिसली नाही. "नोकरी पक्की हाय ना?" एवढंच विचारलं. मी चामोर्शीच्या कॉलेजात नुकताच लागलो होतो, "हो" म्हणालो. तेवढ्यात दुसऱ्या अंकाची घंटा झाली. "मंग ठीक हाय," म्हणून ते चहा तसाच टाकून मंडपाकडं पळाले. माझं लग्न ठरलं ते असं. तुझ्या वडिलांनी माझ्यात पाहिलं तरी काय, असं मी पुढं कित्येक वर्षं बायकोला विचारत असे. ती म्हणायची, "त्या दिवशीचं नाटक फार चांगलं होतं म्हणतात."

चपला आणि डोकं पाहायची ही खोड नोकरीतली. जंगल खात्याच्या लाकूड डेपोत त्यांची हयात गेली होती. ओंडका पाहायचा तर दोन्ही टोकांनी पाहायचा, हा त्यांचा सिद्धांत. "मधात सबनच लाकूड चांगलं दिसते, जवाईबापू," ते म्हणत, "बिमारी टोकाले दिसते." सागवानापुरतं ते खरंही असेल. पण ते निवृत्त झाल्यावर ओंडके संपले आणि सिद्धांत तेवढा शिल्लक राहिला. आरमोरीच्या आठवडी बाजारात ते दिसले की भाजीवाल्या बाया "बुढा आला वो" म्हणून एकमेकींना सावध करत, कारण पावभर भेंडीसाठी ते अख्ख्या टोपलीची टोकं पाहत. छत्री घ्यायला गेले तेव्हा पाऊस येईस्तोवर दुकानात बसून राहिले, आणि पाऊस आल्यावर सगळ्या नव्या छत्र्या सोडून दुकानदाराची स्वतःची जुनी छत्री मागू लागले. एस.टी.च्या बाबतीत तर कहर होता. गाडी लागली की हे आधी पुढं जाऊन ड्रायव्हरचे पाय पाहणार, मग टोपी पाहणार, आणि माणूस मनास आला नाही तर गाडी सोडून देणार. माझ्या मुलीच्या नामकरणाला ते पोचले तेव्हा मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता. "ड्रायव्हर भेटला नाई," त्यांनी शांतपणे खुलासा केला. "एकाचा तं चपलीचा पट्टा तुटेल होता. ज्याले सोताचा पट्टा सांभाळता येत नाई, तो गाडी काय सांभाळीन?"

सासूबाई याच्या अगदी उलट. वस्तू काय आणि माणसं काय, त्या न पाहताच घरात घेत. त्यांच्या महिला बचत गटाला कुठल्याशा योजनेतून ससे मिळाले होते. ससे वाढवायचे, विकायचे आणि श्रीमंत व्हायचं असा बेत होता. वाढवण्याचं काम सशांनीच चोख केलं. विकत घ्यायला मात्र कोणी आलं नाही. गटातल्या बायांनी काही ससे वाटले, काही सरळ शिजवले, आणि एक पांढरीशुभ्र मादी सासूबाईंच्या खाटेखाली राहून गेली. तिचं नाव त्यांनी शेवंती ठेवलं. अडकित्त्याचा आवाज झाला की शेवंती जिथं असेल तिथून सासूबाईंच्या पायाशी येऊन बसे आणि त्या सुपारी खात तोवर तीही काहीतरी चघळत राही. जंगल खात्यात जन्म काढलेल्या माणसाच्या घरात ससा, याची सासऱ्यांना भारी धास्ती होती. दारात कोणीही आलं, मग तो दूधवाला का असेना, की हे न विचारताच सांगत, "हा जंगलातला नोय बरं, योजनेतला हाय." एरवी तिला "योजना" म्हणून हिणवत, पण बाजारातून तिच्यासाठी कोथिंबीर आणायची तर काडी न् काडी तपासून आणत.

शतक संपत आलं होतं त्या सुमाराला शेवंतीच्या अंगावरून रक्त जाऊ लागलं. आरमोरीच्या गुरांच्या डॉक्टरनं तिचं पोट चाचपून सांगितलं, की पिशवीत गाठ आहे, पिशवी काढली तर जगेल, नाही तर पुढचा पावसाळा पाहणार नाही. ऐकून घरातले सगळे एकमेकांकडं पाहू लागले. कारण जवळजवळ हेच शब्द उन्हाळ्यात चंद्रपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना सांगितले होते. तेव्हापासून ऑपरेशनचं नाव काढलं की त्या चुलीकडं तोंड करून बसत. माझ्या बायकोनं समजावलं, मी समजावलं, शेजारणींनी समजावलं. सासरे समजावायला गेले तर त्यांना भाजी निवडायला बसवलं. शेवंतीचं निदान झाल्यावर मात्र सासूबाईंनी विषयाचा निकालच लावून टाकला. "पहिले तिचं करा," त्या म्हणाल्या. "ती उठून खाऊ लागली तं मी बी येतो. नाई तं मले कोनी काई म्हनू नका." आणि सासूबाई एकदा बोलल्या की डेपोतला हत्तीही त्यांना हलवू शकला नसता. म्हणजे सासूबाईंचा जीव आता सशाच्या जिवाला बांधला गेला, आणि सशाचा जीव सासऱ्यांच्या निवडीला. छत्रीसाठी पावसाची वाट पाहणारा हा माणूस डॉक्टरसाठी कशाची वाट पाहील, या विचारानं मला घाम फुटला.

एखाद्या उपवर मुलीसाठी स्थळं पाहावीत तसे त्यांनी डॉक्टर पाहायला सुरुवात केली. आधी पानठेल्यावर चौकशी, मग न्हाव्याकडं, मग डॉक्टरच्या शेजाऱ्याकडं, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टरकडं. मी 'शुद्ध' बोलतो म्हणून प्रत्येक वेळी मला चामोर्शीहून बोलावून घेत. आरमोरीच्या गुरांच्या डॉक्टरनं बिचाऱ्यानं स्वतःहूनच माघार घेतली. "मी बैल-म्हशीचा मानूस," तो म्हणाला, "हा हात पाहा ना तुमी." सासऱ्यांनी हात पाहिला आणि मान हलवली. बाहेर आल्यावर म्हणाले, "मानूस सच्चा हाय. पन त्याच्या हाताखाली शेवंती दिसनारच नाई."

दुसरे डॉक्टर वडशाचे, खाजगी. हात नाजूक, बोलणं गोड, पण त्यांना नाटकाचं वेड होतं आणि थंडीभर ते खलनायकाचं काम करत. सासरे त्यांच्या दवाखान्यात गेलेच नाहीत. तिकीट काढून नाटकाला गेले आणि मलाही नेलं. शेवटच्या अंकात डॉक्टरांनी नायकाच्या बापाच्या पोटात सुरा खुपसला आणि तो मरेपर्यंत लांबलचक भाषण ठोकलं. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. सासरे हाताची घडी घालून बसले होते. "सुरा बरोबर मारला," ते म्हणाले, "पन मारल्यावर लोकायकडं पाहून राह्यला होता. ज्याच्या पोटात सुरा हाय त्याच्याकडं पाहाले नको काय?" झालं, तेही स्थळ बाद झालं.

मग चंद्रपूर. तिथं कुत्र्यांचा एक नावाजलेला दवाखाना होता. बसायला सोफा, भिंतीवर विलायती कुत्र्यांचे फोटो. डॉक्टरांचे बूट आरशासारखे चकचकीत, डोक्यावरचा भांग ओळंब्यात. दोन्ही टोकं अशी निर्दोष पाहून सासऱ्यांचा चेहरा खुलला, आणि सुटलो एकदाचे असं मला वाटलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान वर न करता म्हणाले, "काका, एवढा खटाटोप कशाला? नवीन ससा घेऊन टाका." सासरे उठले, शेवंतीची टोपली उचलली आणि बाहेर पडले. आम्ही बसस्टँडवर आलो. "दोन्ही टोकं तर चांगली होती, मामाजी," मी म्हणालो. चेष्टाच होती माझी. ते तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "मधात सडेल होतं." मग टोपलीवरचं फडकं सारखं करत, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "शेवंती मेली तं नवीन शेवंती आनता येईन, जवाईबापू. मंग तुमची सासू नाई म्हनीन. तिले काय सांगू मी?" गाडी आली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरकडं पाहिलंसुद्धा नाही. तोवर मला ही सगळी एका विक्षिप्त माणसाची गंमत वाटत होती. त्या दिवशी शेजारी बसून मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

चौथं नाव माझ्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. गडचिरोलीची एक मुलगी नुकतीच जनावरांची डॉक्टर होऊन जवळच्या गावच्या दवाखान्यात लागली होती आणि आईवडिलांकडं राहत होती. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणं पानठेला, न्हावी, शेजारी असं सगळं उरकलं आणि एका रविवारी सकाळी आम्ही न कळवता तिच्या घरी जाऊन धडकलो. जयभीम झाला, पाणी आलं, बाबासाहेबांच्या फोटोखालच्या दोन चांगल्या खुर्च्या आम्हाला मिळाल्या. मुलगी कुठं गाय अडली म्हणून गेली होती. "बसा, येतेच," तिचे वडील म्हणाले. "पोरीबद्दल बाहेर चौकशी केली आमी," सासऱ्यांनी सुरुवात केली, "लय चांगलं ऐकलं." आता दोष कोणाला द्यायचा? नाटकांचा सीझन, रविवारची सकाळ, आणि इस्त्रीचे कपडे घालून आलेले दोन अनोळखी पाहुणे. आत कांदा चिरल्याचा आवाज सुरू झाला. तिचे वडील घसा साफ करून म्हणाले, "एक गोष्ट आधीच सांगतो. पोरगी नोकरी सोडनार नाई."

"सोडूच नये," सासरे ठासून म्हणाले. "हात चालता पाह्यजे."

वडिलांना भरून आलं. "आनि आमाले देनंघेनं पसंत नाई."

"आमाले बी नाई. काम साफ पाह्यजे, बस."

एवढ्यात पोह्यांच्या बश्या घेऊन तिची आई आली आणि दारातच थबकून माझ्या टकलाकडं पाहू लागली. "पोराचं वय थोडं जास्त वाटते," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली, पण माझ्या कानालाही ते ऐकू आलं. प्रकार माझ्या ध्यानात आला तेव्हा मी तोंडात पोह्यांचा मोठा घास कोंबला होता. मला एक बायको आणि एक मुलगी आहे, हे सांगायला तोंड मोकळं होईना. तेवढ्यात फाटक वाजलं आणि चिखलानं माखलेले पाय झटकत डॉक्टरबाई आल्या. दाराशी त्यांनी चपला काढल्या. सासरे उठले, पुढं गेले, वाकले आणि त्यातली एक चप्पल उचलून डोळ्यांजवळ नेली. मुलगी पाहायला आलेल्या कुठल्याही वडीलधाऱ्यानं आजवर असं काही केलं नसेल. चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि बारीक, एकसारख्या टाक्यांनी शिवलेला होता. त्यांनी दोन्ही हातांनी तो ओढून पाहिला. पट्टा हलला नाही. "हे कोनं शिवलं?" त्यांनी विचारलं. "मीच," ती गोंधळून म्हणाली, "दवाखान्यातल्या धाग्यानं. जनावराचं पोट शिवायचा असतो तो." "सुई-धागा आना," सासरे म्हणाले, "ओवून दाखवा."

इथं मात्र तिच्या आईचा तोल सुटला. "अशी परीक्षा तं माह्या टायमाले बी नव्हती! पोराच्या घरी काय सतरंज्या शिवाच्या हायेत काय?"

"पोराच्या कोनाच्या?" सासऱ्यांनी आश्चर्यानं विचारलं. "सशाची पिशवी काढाची हाय."

मग डॉक्टरबाई उंबरठ्यावरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. आई बश्या उचलून आत निघाली, तिच्या पोह्यांना अशी वागणूक कधी मिळाली नव्हती. "राहू दे ना आई," ती मुलगी म्हणाली. "आतापरेंत आले थे तोंड पाहाले आले. पह्यल्यांदा कोनी हात पाहाले आलं." मग पदराला डोळे पुसून ती सासऱ्यांसमोर नीट बसली. सशाचं ऑपरेशन आपण कधी केलेलं नाही, मांजरींची केली आहेत, कॉलेजात सरांनी एका सशाचं केलं होतं आणि तो जगला नव्हता, हे सगळं तिनं काही न लपवता सांगितलं. "भेव वाटते काय?" सासऱ्यांनी विचारलं. "वाटते," ती म्हणाली. "मंग तुमीच करा," ते म्हणाले. एवढा झटपट होकार मी माझ्यानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. परतताना मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आतापरेंत सारे डॉक्टर बिनधास्त होते, भेव मले एकट्यालेच होता. आता दोघं झालो."

डॉक्टरबाईंनी एस.टी.डी. बूथवरून नागपूरच्या आपल्या सरांना गाठून खडान्‌खडा विचारून घेतलं. माणसाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवतात, पण सशाला उपाशी ठेवायचं नसतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. शेवंतीनं निघेपर्यंत कोथिंबीर खाल्ली. सासऱ्यांनी मात्र आदल्या दिवसापासून अन्नाला हात लावला नव्हता. मी आग्रह केला तर म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी कोनीतरी उपाशी राहाले पाह्यजे ना." सासूबाई आल्या नाहीत. आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा त्यांनी टोपलीत अंथरून दिला आणि आत निघून गेल्या. दवाखान्याच्या आवारात आम्ही बसलो होतो. सासरे उठून बांधलेल्या बैलांचे खूर पाहत, शिंगं पाहत, पुन्हा येऊन बसत. दार उघडलं तेव्हा डॉक्टरबाईंचा चेहरा घामानं डबडबला होता. "जगली," ती म्हणाली, "पन खाल्लं पाह्यजे. उद्यापरेंत तोंड लावलं नाई तं काई खरं नाई."

दुसरा दिवस मी विसरणार नाही. सासूबाई खाटेशेजारी जमिनीवर बसल्या होत्या, समोर लुगड्याच्या तुकड्यावर शेवंती, मध्ये कोथिंबिरीची जुडी. सकाळ गेली, शेवंतीनं मान वर केली नाही. सासूबाईंनी जेवण केलं नाही, म्हणून कोणीच केलं नाही. सासरे दारातून डोकावत आणि अंगणात जात. माझ्या आयुष्यात मी परीक्षांचे, नोकरीचे, बायकोच्या बाळंतपणाचे निकाल ऐकले, पण एका सशाच्या जबड्याकडं इतक्या आशेनं कधी पाहिलं नव्हतं. दुपार कलताना शेवंतीचं नाक हललं. मग तिनं एक काडी ओढली आणि अगदी हळू, विचार करत असल्यासारखी चघळू लागली. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, उठल्या, हात धुतले आणि दाराकडं पाहून म्हणाल्या, "कधी जाचं हाय?" सासरे अंगणात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, बराच वेळ.

आता सासूबाईंसाठी डॉक्टर निवडायचा म्हणजे पुन्हा सगळा जिल्हा हिंडणं आलं, असं धरून मी कॉलेजात रजेचा अर्ज देऊन ठेवला होता. पण सासरे थेट गडचिरोलीला गेले आणि आमच्या डॉक्टरबाईंनाच विचारलं, "तुमी नाई करू शकत काय?" ती हसली, आणि मग तिनंच नागपूरचा एक दवाखाना सांगितला. चौकशी नाही, पानठेला नाही. ते सासूबाईंना घेऊन गेले. ऑपरेशन करणारा डॉक्टर समोर आला तेव्हा हे त्याच्या पायांकडं नाही, डोक्याकडं नाही, खाली जमिनीकडं पाहत हात जोडून उभे होते. सगळं ठीक झालं. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सासूबाई घरी आल्या, अडकित्ता वाजला, शेवंती आली. ती पुढंही बरीच जगली. "योजनेतली हाय," हे दूधवाल्याला ऐकवणं काही थांबलं नाही.

सासरे गेले त्याला आता काही वर्षं झाली. अंगणात खुर्चीवर बसून चहा पीत होते, कप खाली ठेवायला वाकले आणि तसेच कलंडले. कोणी डॉक्टरकडं धावलं, कोणी जीपकडं धावलं; जो पहिला डॉक्टर सापडला तो आला आणि नुसती मान हलवून गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून पाहुणे पांगल्यावर मी सासूबाईंजवळ जाऊन बसलो. त्या रडत नव्हत्या. नवऱ्यावर इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माह्यासाठी साऱ्या जिल्ह्यात डॉक्टर पाहात हिंडले," त्या म्हणाल्या. "आन् सोताच्या टायमाले मले उठून उभं बी राहू देल्लं नाई."